गादीवर निळा उजेड फिरवण्याआधी: व्हॅक्युम क्लीनरमधला यूव्ही दिवा निवडायचा कसा, वापरायचा कसा

घरगुती यंत्रांच्या दुरुस्तीचं काम करताना गेल्या काही वर्षांत एक प्रश्न सारखा कानावर येतो. हातात धरून गादीवर फिरवायचा, खालून निळसर उजेड पडणारा छोटा व्हॅक्युम क्लीनर कुणीतरी काउंटरवर ठेवतं आणि विचारतं, "ह्यानं जंतू खरंच मरतात का हो?" मरतात. पण यूव्हीचा, म्हणजे अतिनील किरणांचा, दिवा खरा असावा लागतो, त्याची काच स्वच्छ असावी लागते, खाली धुळीचा थर नसावा लागतो आणि उजेड एका जागेवर पुरेसा वेळ पडावा लागतो. बहुतेक घरांत यातली एक तरी अट मोडलेली असते, आणि सगळ्यात जास्त मोडते ती शेवटची. म्हणून हा लेख जरा सविस्तर लिहितोय. यंत्र घ्यायचं ठरवत असाल तरी उपयोग होईल, आणि घेऊन कपाटावर ठेवलं असेल तर जास्तच.

सोलापुरात हा विषय निघतो त्याला कारणं आहेत. उन्हाळा लांब, हवा कोरडी, रस्त्याची धूळ दिवसभर घरात येते. साखर पेठ, अशोक चौक, विडी घरकुल या भागांत घराला लागून यंत्रमाग असेल तर कापसाचे बारीक तंतू पडद्यावर, उशीवर, पंख्याच्या पात्यावर साचतात. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे जाड चादरी, गोधड्या मनात आलं तेव्हा धुता येत नाहीत. पाण्याशिवाय स्वच्छता होते असं कुणी सांगितलं की माणूस थांबून ऐकणारच.

हा उजेड नेमकं काय करतो

सूर्याच्या उजेडानं जंतू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट या दोघांनी इंग्लंडमध्ये १८७७ साली दाखवून दिलं. पुढे नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरांना कातडीच्या क्षयरोगावर प्रकाशानं उपचार केल्याबद्दल १९०३ सालचं नोबेल मिळालं. म्हणजे मूळ कल्पना जुनी आणि भक्कम आहे.

अतिनील किरणांचे तीन भाग पडतात. नॅनोमीटर हे किरणांच्या लहरीची लांबी मोजायचं माप. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे यूव्ही-ए, २८० ते ३१५ चे यूव्ही-बी आणि १०० ते २८० चे यूव्ही-सी. जंतू मारायला खऱ्या अर्थानं कामाचे आहेत ते यूव्ही-सी. जंतूच्या पेशीतला डीएनए २६० ते २६५ नॅनोमीटरच्या आसपासचे किरण सगळ्यात जास्त शोषतो, आणि कमी दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यातून बाहेर पडतात २५४ नॅनोमीटरचे. हे दोन आकडे इतके जवळ आहेत म्हणूनच पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रापासून ऑपरेशन थिएटरपर्यंत हाच दिवा वापरला जातो. किरण शोषले की डीएनएच्या साखळीत शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटतात, साखळीची नक्कल काढता येत नाही आणि जंतूची वाढ थांबते.

सूर्याचे यूव्ही-सी किरण जमिनीपर्यंत पोचत नाहीत, वरचं वातावरण ते अडवतं. त्यामुळे 'या दिव्यात सूर्यप्रकाशाची ताकद आहे' असं कुणी विकताना म्हणालं तर ते बरोबर नाही. गच्चीवरच्या उन्हात गादी टाकल्यावर जंतू कमी होतात ते उष्णतेनं, कोरडेपणानं आणि यूव्ही-ए, यूव्ही-बी मुळे. ते काम वेगळं, हे वेगळं.

या किरणांची मोठी मर्यादा म्हणजे ते आत शिरत नाहीत. खिडकीची साधी काच (दिव्याची काच वेगळी असते), प्लास्टिक, कापड, धुळीचा थर, यातलं काहीही त्यांना अडवायला पुरतं. चादरीच्या वरच्या धाग्यावर उजेड पडला तरी त्याच धाग्याच्या खालची बाजू सावलीत राहते. टेरी टॉवेलचे उभे फासे असतात ना, त्यांच्या मुळाशी हा उजेड पोचत नाही. गादीच्या आतल्या कापसाची तर गोष्टच सोडा.

वेळेचं गणित

किरणांची मात्रा म्हणजे उजेडाची तीव्रता गुणिले वेळ. मोजतात मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. उघड्यावर, स्वच्छ पृष्ठभागावर पसरलेले नेहमीचे जिवाणू हजारात एक उरेल इतके कमी करायला साधारण ५ ते १० मिलीज्यूल लागतात. काही बुरशींच्या बीजाणूंना १०० च्या वर लागतात. कापडावर सावल्या असतात, म्हणून तिथं याहून जास्तच धरा.

आता आपलं यंत्र घ्या. समजा खालची दिव्याची खिडकी ५ सेंटिमीटर रुंद आहे आणि गादीवर पडणारी तीव्रता दर चौरस सेंटिमीटरला २ मिलीवॅट आहे. आपण सवयीनं हात फिरवतो तेव्हा यंत्र एका सेकंदात ३० सेंटिमीटर सहज सरकतं. म्हणजे कुठल्याही एका ठिकाणावर उजेड पडतो सेकंदाचा सहावा भाग. मात्रा झाली ०.३३ मिलीज्यूल. हवे होते किमान ५. तेच यंत्र एका जागी दहा सेकंद धरलं तर २० मिलीज्यूल मिळतात. दिवा तोच, फरक फक्त हाताच्या वेगाचा.

याच मुद्द्यावर अमेरिकेत एक प्रकरण झालं. तिथल्या ओरेक कंपनीनं यूव्ही दिवा बसवलेला उभा व्हॅक्युम क्लीनर काढला आणि तो फ्लूसारख्या आजारांचे जंतू मारतो अशी जाहिरात केली. फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेनं दाव्यांना पुरावा नाही म्हणून कारवाई केली आणि २०११ साली कंपनीनं साडेसात लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

पण दिवा अगदीच निरुपयोगी आहे असाही याचा अर्थ नाही. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१० मध्ये कार्पेटवर मोजमाप केलं होतं. नुसत्या ब्रशनं आणि हवेनं धूळ खेचण्यानं पृष्ठभागावरचे जंतू ७८ टक्के कमी झाले, नुसत्या उजेडानं ६० टक्के, आणि दोन्ही मिळून ८७ टक्के. हे आकडे मी पुन्हा पुन्हा लोकांना सांगतो, कारण त्यांतून सगळं कळतं. मोठं काम खेचण्यानं होतं. दिवा त्यात भर घालतो, ७८ वरून ८७. दहा लाख जंतू होते असं धरलं तर ८७ टक्क्यांनंतर एक लाख तीस हजार उरतात. खोक्यावर छापलेल्या ९९.९ टक्क्यांनंतर उरायला हवेत फक्त एक हजार. ते ९९.९ प्रयोगशाळेत, दिवा स्थिर ठेवून, सपाट पृष्ठभागावर मिळवलेले असू शकतात. तुमच्या दिवाणावरचे नाहीत.

आपल्या घरात तो कुठं चालेल

परदेशात हा दिवा कार्पेटसाठी आला. आपल्याकडे जमिनीवर शहाबादी फरशी, कोटा नाही तर टाइल्स. तिथं केर काढून फिनाइलच्या पाण्यानं पुसणं हे कुठल्याही निळ्या दिव्यापेक्षा खात्रीचं आणि स्वस्त. फरशीसाठी यूव्हीवाला रोबो घ्यावा का असं विचारलंत तर माझं उत्तर सरळ नाही असं आहे. तो सरकत राहतो, एका जागेवर थांबत नाही, आणि शहाबादीच्या सांध्यांत उजेड पोचत नाही.

दिव्याचा खरा उपयोग तिथं, जिथं पुसता येत नाही आणि धुता येत नाही: गादी, उशी, कापडी सोफा, गाडीतल्या सीट, लहान मुलांची कापडी खेळणी, जाड सतरंजी. बस्स.

काही गोष्टी तो करणार नाही, त्या आधीच सांगून टाकतो. ढेकूण फटीत आणि शिवणीत राहतात, उजेड तिथं जात नाही. त्यांच्यासाठी कीटकनाशकवाला किंवा वाफेचं यंत्र बोलवा. धुळीतल्या किड्यांचं म्हणाल तर ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे, आणि किडा मेला तरी ती प्रथिनं गादीवर तशीच राहतात. ती उचलूनच बाहेर काढावी लागतात, म्हणजे पुन्हा खेचणं आणि चांगला फिल्टर. पावसाळ्यात भिंतीला आलेली बुरशीही यानं जात नाही, ओल बंद करावी लागते. आणि घरात कुणाला क्षयरोग असेल तर या यंत्रावर अजिबात विसंबू नका. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ च्या मार्गदर्शनात जे यूव्ही दिवे सुचवले आहेत ते खोलीच्या वरच्या भागातली हवा निर्जंतुक करणारे, भिंतीवर उंच बसवलेले, मोजून लावलेले दिवे असतात. घरात डॉक्टरांनी दिलेलं औषध, उघड्या खिडक्या आणि रुग्णाच्या तोंडावर मास्क हेच करायचं.

घेताना काय बघायचं

सगळ्यात आधी नॅनोमीटरचा आकडा शोधा. खोक्यावर किंवा माहितीपत्रकात २५३.७ किंवा २५४ लिहिलेलं असेल तर पाऱ्याचा दिवा, २६५ ते २८० असेल तर यूव्ही-सी एलईडी. नुसतं 'यूव्ही लाइट' लिहिलं असेल आणि आकडा नसेल तर सोडून द्या. स्वस्त यंत्रांत ३९५ किंवा ४०५ नॅनोमीटरचे जांभळे एलईडी लावलेले असतात. दिसायला ते खऱ्यापेक्षा जास्त झगझगीत दिसतात, कारण यूव्ही-सी डोळ्याला दिसतच नाही. खऱ्या पाऱ्याच्या दिव्याचा जो फिकट निळा उजेड दिसतो तो त्याच्यासोबत बाहेर पडणारा साधा प्रकाश असतो. तेव्हा झगमग बघून भाव ठरवू नका.

काही दुकानदार यंत्राखाली नोट धरून दाखवतात. नोटेवरचे तंतू चमकतात, गिऱ्हाईक खूश होतं. पण नोट यूव्ही-ए मध्येही चमकते, त्यामुळे हा काही पुरावा नाही. खरी तपासणी करायची तर यूव्ही-सी ला रंग बदलणारी कार्डं मिळतात, ऑनलाइन मागवता येतात. कार्ड टेबलावर ठेवा, त्याच्या अर्ध्या भागावर खिडकीच्या साध्या काचेचा तुकडा ठेवा, वरून यंत्र सपाट टेकवून चालू करा, दहा-पंधरा सेकंद थांबा, बंद करा, मगच उचला. उघड्या भागाचा रंग बदलला आणि काचेखालचा तसाच राहिला तर दिवा यूव्ही-सी आहे. दोन्हीकडे सारखाच बदल झाला तर तो यूव्ही-ए समजा. कुठल्याच बाजूला बदल नसेल तर दिवा कमजोर आहे किंवा पेटतच नाही. हे करताना वाकून खालून बघायचं नाही, कितीही उत्सुकता वाटली तरी.

दुसरी गोष्ट सेफ्टी स्विच. यंत्र पृष्ठभागावर टेकलं तरच दिवा पेटला पाहिजे आणि उचलताच विझला पाहिजे. दुकानात यंत्र टेबलावर टेकवून चालू करायला सांगा आणि लांबून, बाजूनं, यंत्र थोडं उचलताना टेबलावर पडणारा निळा उजेड लगेच जातो का एवढंच बघा. जात नसेल तर ते यंत्र फुकट दिलं तरी घरी आणू नका. लहान मुलांच्या घरात तर नाहीच.

तिसरा फिल्टर. माझ्या मते तो दिव्यापेक्षा महत्त्वाचा. हेपा म्हणजे अगदी बारीक कण अडवणारा फिल्टर. एच-१३ दर्जाचा हेपा फिल्टर सगळ्यात अवघड आकाराचे कणही ९९.९५ टक्के अडवतो. नुसतं 'हेपा टाइप' लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. फिल्टर हलका असेल तर यंत्र गादीतली बारीक धूळ पुढून ओढतं आणि मागून तुमच्याच तोंडावर सोडतं. बदली फिल्टर आणि बदली दिवा मिळतो का, कितीला मिळतो, हे पैसे देण्याआधी विचारा. दुरुस्तीला येणारी कितीतरी यंत्रं चांगली असतात, पण त्यांचा दिवा बाजारात मिळतच नाही.

यंत्र सोडून नुसती यूव्हीची कांडी मिळते, हातात धरून हवेत फिरवायची. ती घेऊ नका. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं २०२२ मध्ये अशा काही कांड्यांबद्दल धोक्याची सूचना दिली होती, कारण त्यांतून काही सेकंदांत कातडी आणि डोळ्यांना इजा होईल इतके किरण बाहेर पडत होते.

गादी साफ करताना

सकाळची वेळ बरी, आणि उन्हाळ्यात तर फारच बरी. चादर, उशांचे अभ्रे काढून धुवायला टाका. रंग पक्का असेल तर ६० अंशांच्या गरम पाण्यात, कारण धुळीतले किडे त्या तापमानाला मरतात आणि त्यांची घाणही वाहून जाते. गादी गच्चीवर किंवा अंगणात दोन-तीन तास उन्हात टाका, मध्ये एकदा पलटा. मार्च ते मे सोलापूरचं ऊन म्हणजे आपल्याला फुकट मिळालेलं यंत्रच आहे, ते आधी वापरायचं. कापसाची गादी असेल तर बाहेरच काठीनं झोडून घ्या, तोंडाला फडकं बांधून. फोमची गादी मात्र झोडू नका आणि कडक उन्हात फार वेळ ठेवू नका, फोम खराब होतो.

गादी आत आणली की पहिला हात फक्त खेचण्याचा. दिव्याचं वेगळं बटण असेल तर तो बंद ठेवा. आधी लांबीच्या दिशेनं, मग रुंदीच्या, हळूहळू. कडेची शिवण, गादीवरच्या टाक्यांचे खड्डे, उशाकडची बाजू इथं दोनदा फिरवा. डबा मध्येच उघडून बघा. पहिल्यांदा करणाऱ्यांना त्यात जे पांढुरकं, पिठासारखं दिसतं ते बघून धक्का बसतो. तो कातडीचा मृत कोंडा, कापसाचे तंतू आणि धूळ. हा थर गेल्याशिवाय दिवा लावणं म्हणजे धुळीलाच उजेड दाखवणं.

मग दुसरा हात, दिव्याचा. इथं फिरवायचं नाही, ठेवायचं. यंत्र टेकवा, मनात दहा मोजा, एक खिडकीभर पुढं सरकवा, पुन्हा दहा मोजा.

याला किती वेळ लागेल? खिडकी ५ बाय २० सेंटिमीटरची धरली तर एका वेळी १०० चौरस सेंटिमीटर जागा झाली. सहा बाय तीन फुटांची एकेरी गादी साधारण १८० बाय ९० सेंटिमीटर, म्हणजे १६२ जागा. प्रत्येकी दहा सेकंद म्हटलं तर २७ मिनिटं, तीही एका बाजूला. सहा बाय पाच फुटांच्या दुहेरी गादीला पाऊण तास. एवढं कुणी करत नाही आणि करायची गरजही नाही. उशा आणि उशाकडचा दोन फुटांचा पट्टा, जिथं आपलं तोंड, घाम, लाळ लागते, तेवढा घ्या. एकेरी गादीवर तो नऊ मिनिटांत होतो. उरलेल्या गादीला नुसतं खेचणं पुरेसं. घरात कुणी आजारी पडून उठलं असेल किंवा मुलानं अंथरुण ओलं केलं असेल तर धुऊन, वाळवून झाल्यावर तेवढ्या डागावर दहाऐवजी तीस सेकंद द्या.

छोट्या यंत्रांची मोटर लवकर तापते. पंधरा-वीस मिनिटांनी थांबा, हात लावून बघा, गार होऊ द्या. जळका वास आला तर लगेच बंद. तो वास नसून झोंबणारा, झेरॉक्स यंत्राजवळ येतो तसा वास असेल तर तो ओझोनचा. काही दिवे २५४ सोबत १८५ नॅनोमीटरचे किरणही सोडतात आणि त्यांच्यामुळे हवेत ओझोन तयार होतो. दम्याच्या माणसाला तो चांगला नाही. खिडक्या उघडा, आणि वास दरवेळी येत असेल तर तो दिवा बदला.

रंगीत सोलापुरी चादरीवर, भरतकामावर, रेशमावर हा उजेड वारंवार आणि बराच वेळ देऊ नका. रंग फिका पडतो आणि धागा कमकुवत होतो. चादर धुता येते, तिला दिव्याची गरजच नाही.

सोफ्यासाठी हीच रीत, फक्त बसायच्या उशा उचलून त्यांच्या खालची फट आधी साफ करा. रेक्झिनचा सोफा असेल तर ओल्या फडक्यानं पुसा, दिवा नको. प्लास्टिक आणि रेक्झिन या किरणांनी पिवळं पडतं, तडकतं.

डबा, फिल्टर आणि दिव्याची काच

डबा प्रत्येक वापरानंतर रिकामा करायचा, पुढच्या वेळी करू असं नाही. आत ओलसर धूळ राहिली की त्यात जंतू वाढतात, आणि डब्यातल्या धुळीच्या आत दिव्याचा उजेड जात नाही. घराबाहेर, वारा पाठीवर येईल असं उभं राहून, पिशवीच्या तोंडात डबा धरून हळू उघडा, पिशवीला गाठ मारा. दमा असलेल्यांना हे काम देऊ नका. धुता येणारा फिल्टर धुतला तर तो पूर्ण वाळल्याशिवाय बसवायचा नाही. सोलापूरच्या उन्हात सावलीतही एक दिवस पुरतो, पावसाळ्यात दोन. हेपा फिल्टर मात्र माहितीपत्रकात धुता येतो असं लिहिलेलं असेल तरच धुवा.

आणि आता दिव्याची काच. यंत्रमागाच्या घरातून एक यंत्र दुरुस्तीला आलं होतं, तक्रार होती ती फक्त आवाजाची. खालचं झाकण काढलं तर दिव्याच्या नळीवर करड्या रंगाचं मऊ आवरण बसलेलं. कापसाचे तंतू, त्यात घरातल्या केसांचे वेटोळे, वर तेलकट थर. नखानं ओढलं तर पापुद्र्यासारखं निघून आलं. त्याच केसांचा एक गुंडा सेफ्टी स्विचच्या पिनेभोवती आवळला गेला होता आणि पिन आतच अडकून बसली होती. म्हणजे गादीवर उजेड पडतच नव्हता, आणि यंत्र उचललं की मोकळ्या कडांतून बाहेर पडणारा जो काही उजेड होता तो विझत नव्हता. त्या घरातल्या ताई रोज तेच यंत्र मुलांसमोर वापरत होत्या. केस काढले, पिन मोकळी केली, काच पुसली, कार्डावर तपासलं, तेव्हा दिवा ठणठणीत निघाला.

तेव्हा महिन्यातून एकदा, आणि कापसाचं काम घरात असेल तर आठवड्याला, एवढं करा: प्लग काढा. यंत्र गार होऊ द्या. उलटं करून ब्रशवरचे केस कात्रीनं कापून ओढून काढा. स्विचची पिन बोटानं दाबून सोडून बघा, ती झटकन वर आली पाहिजे. काच मऊ, धागे न सुटणाऱ्या फडक्यावर औषध दुकानातलं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. काचेला उघडं बोट लावू नका, बोटाचा तेलकट डाग किरण अडवतो. सगळं पूर्ण वाळल्यावर प्लग लावा.

दिवा निळा दिसतो म्हणजे चांगला आहे असं समजू नका. वापरानं त्याचे यूव्ही-सी किरण कमी होत जातात, दिसणारा उजेड तसाच राहतो. माहितीपत्रकात दिव्याचं आयुष्य तासांत दिलेलं असतं. नवीन दिवा बसवताना तारीख स्केचपेननं यंत्राच्या पोटावर लिहून ठेवा आणि दर काही महिन्यांनी कार्डावर तपासा.

डोळे आणि कातडी

एमआयडीसीत काम करणाऱ्यांना हे समजावून सांगावं लागत नाही. वेल्डिंगच्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं की त्या वेळी काहीच होत नाही, रात्री मात्र डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, उजेड सहन होत नाही. यूव्ही-सी नंही अगदी तसंच होतं, आणि त्रास काही तासांनी सुरू होत असल्यानं तो दिव्यामुळे झाला हे लक्षातच येत नाही. २५४ नॅनोमीटरच्या किरणांसाठी माणसाची आंतरराष्ट्रीय मर्यादा आठ तासांत ६ मिलीज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर आहे. वरच्या गणितातला दिवा अगदी जवळून उघड्या कातडीवर पडला तर ही मर्यादा तीन सेकंदांत संपते. जंतू मारणारी मात्रा आणि आपल्याला इजा करणारी मात्रा जवळपास सारखीच आहे, हे लक्षात ठेवा.

म्हणून चालू यंत्र कधीही उलटं करायचं नाही. मुलं, कुत्रं, मांजर खोलीबाहेर. हात निर्जंतुक करायला हा उजेड वापरू नका, जागतिक आरोग्य संघटनेनं कोरोनाच्या काळातच तसं स्पष्ट सांगितलं होतं. सेफ्टी स्विचला चिकटपट्टी लावून दिवा सतत चालू ठेवायची युक्ती कुणी सुचवली तर ऐकू नका. डोळे खुपायला लागले तर चोळू नका, स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा, दिव्याचंही सांगा.

दिवा फुटला तर

पाऱ्याच्या दिव्यात काही मिलीग्रॅम पारा असतो. नळी फुटली तर प्लग काढा, पंखा बंद करा, खिडक्या उघडा, सगळ्यांना बाहेर काढा आणि दहा-पंधरा मिनिटं खोलीत जाऊ नका. नंतर हातमोजे घालून काचेचे तुकडे जाड पुठ्ठ्यानं गोळा करा, बारीक चुरा चिकटपट्टीनं उचला, शेवटी ओल्या कागदानं जागा पुसा. हे सगळं झाकणाच्या बरणीत घालून झाकण घट्ट लावा. झाडू फिरवू नका, आणि दुसऱ्या व्हॅक्युम क्लीनरनं तर मुळीच ओढू नका, पाऱ्याची वाफ घरभर होते. गादीवर फुटला असेल तर त्या गादीवर पुन्हा यंत्र चालवू नका, वरचं कापड काढून टाकणं बरं.

वापरून संपलेला दिवाही घंटागाडीत टाकायचा नाही. पारा असलेले दिवे ई-कचऱ्याच्या नियमांत येतात. वर्तमानपत्रात गुंडाळून, जुन्या खोक्यात घालून बाजूला ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्या अधिकृत केंद्राकडे किंवा जिथून नवीन दिवा घेतलात त्या दुकानात द्या. दुकानदार नाही म्हणाला तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा, वापरलेल्या मालावर पुनर्प्रक्रिया करून घेण्याची जबाबदारी नियमानं उत्पादकावर आहे.